ठरलं आणि ठरवलं : वाडीतल्या एका घराचा जमाखर्च

आपल्या मंडळात बडोद्याविषयी निबंध वाचले जातात तेव्हा विषय बहुधा राजवाड्यांचा, दरवाजांचा, तलावांचा, फार तर ग्रंथालयांचा असतो. या वेळी मी एका पत्र्याच्या ट्रंकेविषयी लिहिणार आहे. गेल्या वर्षी वाडीतलं आमचं जुनं घर रिकामं करताना ती माळ्यावर सापडली. तिच्यात घराच्या हिशेबाच्या एकोणीस वह्या होत्या. त्यातल्या तीन पणजोबांच्या, मोडी लिपीतल्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. पंधरा आजीच्या, बाळबोध अक्षरातल्या. आणि एक धाकट्या आत्याची कॉलेजातली वही.

भाऊ म्हणाला, "रद्दीत दे." मीही देणारच होतो. पण एक वही सहज उघडली आणि जून 1952 च्या पानावर एक ओळ दिसली : "माईची पुस्तके विकली, जमा 3-8-0." माई म्हणजे माझी मोठी आत्या. ती शाळेत पहिल्या पाचात असे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती पुढे का शिकली नाही, हे मात्र कधी कोणी बोललं नव्हतं. त्या एका ओळीमुळे मी पुढचे आठ महिने या वह्या वाचत बसलो. मोडी वाचायला मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मदत केली, त्यांचे आभार.

हा एकाच घराचा इतिहास आहे. त्यावरून सगळ्या बडोद्याबद्दल काही सिद्ध होत नाही. पण पगारावर जगणारी, गायकवाडी नोकरीसाठी घाटावरून आलेली मराठी घरं इथे पुष्कळ होती, आणि त्यांच्या माळ्यांवर अजूनही काही ट्रंका असतील.

पगारावरचं घर

मांडवीपासून गेंडी गेटाकडे येऊन पुढे गेलं की वाडी लागते. रंगमहाल, भाटवाडा, ताईवाडा ही नावं जुन्या बडोदेकरांना सांगायला नकोत. पोळीत गुजराती, मराठी, भाट, वोरा अशी सगळी शेजारपाजारची घरं. आमच्या घरात मराठी बोलत, ओटल्यावर बसलं की गुजराती. आजीच्या वहीतसुद्धा ही सरमिसळ आहे : "शाक 2 आणे" आणि खालीच "भाजी दीड आणा". दोन्हींत फरक काय, ते तिलाच ठाऊक.

पणजोबा साताऱ्याकडचे. खानगी खात्यात कारकून म्हणून लागले आणि इथलेच झाले. अशा घराचा पैशाचा स्वभाव शेतकऱ्यापेक्षा किंवा दुकानदारापेक्षा वेगळा असतो. शेतकऱ्याला सुगीला एकदम पैसा मिळतो, दुकानदाराची आवक रोज बदलते. कारकुनाचा पगार ठरलेला आणि ठरलेल्या दिवशी. तो वाढवणं हातात नाही. बदलतो तो फक्त खर्च : आजारपण, बाळंतपण, श्राद्ध, मुंज, लग्न, गावाकडून आलेलं पत्र. त्यामुळे अशा घरात संसार चालवणं म्हणजे काय आधी आणि काय नंतर, हे लावणं. हे कोण लावतं, हाच माझ्या निबंधाचा विषय आहे.

दोन नाण्यांचा संसार

पणजोबांची सर्वांत जुनी वही 1894 ची. तिच्यात रकमेचे दोन रकाने आहेत, एक "बाबाशाई" आणि दुसरा "कलदार". त्या काळी बडोदे संस्थानचा स्वतःचा रुपया होता, तो बाबाशाई. इंग्रजी सरकारचा रुपया कलदार. बाबाशाईची किंमत कलदारपेक्षा कमी, आणि बाजारात भाव खालीवर होई. पगार बाबाशाईत मिळे. गावी पाठवायची मनीऑर्डर, रेल्वेचं तिकीट, मुंबईहून मागवलेलं औषध यांना कलदार लागे. म्हणून दर दोन-तीन पानांनी "वटाव" असा एक खर्च येतो. तो नाणं बदलून घेताना होणाऱ्या तुटीचा आहे. 1901 च्या सुमारास संस्थानाने बाबाशाई बंद करून इंग्रजी रुपया चालू केला, आणि पणजोबांच्या पुढच्या वहीतून दुसरा रकाना नाहीसा झाला. इतिहासाच्या पुस्तकात हा चलनसुधारणेचा एक परिच्छेद असतो. आमच्या घरात त्याचा अर्थ महिन्याला आठ-दहा आण्यांची बचत असा होता.

दुसरी पुन्हापुन्हा येणारी नोंद सोनाराची आहे. "गोठ ठेवले", "गोठ सोडवले", "व्याज दिले". पणजीचे गोठ वर्षातून दोनदा तरी सोनाराकडे जाऊन येत. गणपती आणि मे महिना हे त्यांच्या प्रवासाचे दिवस. दागिना पणजीचा, पण तो ठेवायला न्यायचे पणजोबा, आणि नोंदही त्यांचीच. पणजीला विचारलं असेल का? वही सांगत नाही.

1905 च्या वहीपासून एक नवं खातं दिसतं : "अन्योन्य". बडोद्यात 5 फेब्रुवारी 1889 रोजी प्रा. विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहायकारी मंडळी सुरू झाली. सुरुवातीला 23 सभासद आणि 76 रुपये भांडवल. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो 1904 मध्ये, म्हणजे मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षं आधीची. देशातल्या सहकारी पतव्यवहाराचा आरंभ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्यामागची कल्पना अगदी घरगुती होती. पगारदार लोकांनी महिन्याला थोडं थोडं जमवायचं आणि अडलेल्या सभासदाला त्यातूनच, ओळखीच्या माणसांच्या जामिनावर कर्ज द्यायचं. जामीन राहणारा बहुधा शेजारी किंवा कचेरीतला सोबती. तो रोज भेटणार, म्हणून हप्ता चुकवायची लाज वाटणार. तारण दागिन्याचं नव्हतं, लाजेचं होतं म्हणा ना.

1905 नंतर पणजीचे गोठ सोनाराकडे गेल्याची एकच नोंद आहे. पुढे 1908 च्या जुलैत महाराज सयाजीरावांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदा निघाली, तिचा गाजावाजा जास्त झाला. कारकुनाच्या घरात मात्र आधी अन्योन्यच पोचली होती. शंभरावर वर्षं चाललेली ही संस्था या शतकाच्या पहिल्या दशकात अडचणीत आली आणि बंद पडली, याचं अनेक जुन्या बडोदेकरांना आजही वाईट वाटतं.

वही आजीच्या हाती

पणजोबांच्या वह्या 1917 ला संपतात. मधली वर्षं हरवली आहेत. 1936 ला पुन्हा वही सुरू होते तेव्हा अक्षर बदललेलं असतं, लिपीही बदललेली. आता ती आजीची वही आहे.

आजी 1916 सालची, बडोद्याचीच, माहेर दांडिया बाजारात. तिला लिहिता येत होतं त्यामागे एक कायदा आहे. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 पासून तो संस्थानभर लागू केला. त्यात मुलीही होत्या. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. आजी हसत सांगायची, "आमच्या बाबांनी मला शाळेत घातलं ते हौसेनं नाही, दंडाच्या भीतीनं." पणजोबांचं मोडी तिला वाचता येत नसे, आणि तिचं बाळबोध पणजोबांना "पोरखेळ" वाटे, असंही ती सांगायची.

तरीही वही तिच्याकडे आली, कारण आजोबांची बदली झाली. बडोदे संस्थान सलग नव्हतंच. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे त्याचे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते, आणि नोकरीतल्या माणसाला कुठेही जावं लागे. आजोबा 1936 ते 1938 अमरेलीला होते. पगारातला भाग मनीऑर्डरने यायचा. तो कुठे गेला ते कळवायला आजी वही लिहू लागली, महिनाअखेर त्याची नक्कल पत्रातून पाठवू लागली. आजोबा परत आले, पण वही परत मागितली नाही. सवय झाली होती, आणि खरं म्हणजे तिचा हिशेब त्यांच्यापेक्षा चोख होता.

नोव्हेंबर 1938 चं पान देतो. पगार 38 रुपये. किराणा 9. दूध 4. भाजी 2-8-0. दळण आणि सरपण 2-4-0. दिराची फी व पुस्तके 1-2-0. दिवाबत्ती 0-14-0. सासूबाईंचे औषध 1-8-0. गावी मनीऑर्डर 5. अन्योन्य 3. धान्याकरिता बाजूस 5. किरकोळ 2. शिल्लक 1-12-0.

घरात तेव्हा सात माणसं. या पानावर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते "धान्याकरिता बाजूस 5". आपल्याकडे वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गहू आला की अंगणात वाळवायचा, निवडायचा, दिवेल म्हणजे एरंडेल चोळायचं आणि कोठीत भरायचा. मे महिन्याच्या पानावर "गहू 12 मण, तांदूळ 5 मण" असं येतं. (हा गुजराती मण, आजच्या वीस किलोंच्या आसपासचा. घाटावरचे पाहुणे चाळीसाचा मण समजून "बापरे" म्हणत.) एका महिन्याच्या पगारात वर्षाचं धान्य येणं शक्य नाही. म्हणून आजी जूनपासून दरमहा पाच रुपये वेगळे काढत जाई. उन्हाळ्यात गहू स्वस्त, पावसाळ्यात महाग. बाजारभावातला तो फरक म्हणजे तिचा नफा. युद्धाच्या वर्षांत भाव भडकले तेव्हा ज्यांची कोठी भरलेली होती त्यांना निदान काही महिने तरी दम धरता आला.

दुसरी गोष्ट म्हणजे 1940 पासून जमेच्या बाजूला येणारं "शिवण". महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय बडोद्यात 1914 मध्ये सुरू झालं. बायकांनी घरच्या कौशल्यातून चार पैसे मिळवावेत हा त्याचा उद्देश. आजी लग्नाआधी तिथे शिवण शिकली होती. पोळीतल्या बायकांचे पोलके, मुलांच्या चड्ड्या शिवून महिन्याला दोन-तीन रुपये येत. ही रक्कम ती पगारात मिसळत नसे. तिचं पान वेगळं. त्या पानाला तिने नाव दिलं नाही, वर फक्त "श्री" लिहिलं आहे.

"ठरलं"

आता 1949 कडे येतो. 30 एप्रिल 1949 ला बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि दुसऱ्या दिवशी, 1 मे रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. इतिहासात या दोन तारखा दोन वेगळ्या धड्यांत येतात. आमच्या घरात त्या एकदमच आल्या. आजोबांच्या डोक्यात एकच विचार होता : आपली नोकरी कुठल्या खात्यात धरणार, बदली कुठे होणार, पेन्शनीचं काय. त्या वर्षी वहीत दूध दोन शेरांवरून सव्वा शेरावर आलं. वर्तमानपत्र बंद झालं. साताऱ्याची मनीऑर्डर पाचाची तीन झाली.

मोठे काका तेव्हा पंधरा वर्षांचे, माई आत्या तेरा. 1952 च्या जूनपर्यंत काका कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या तंत्रविद्याशाखेत, शिकायला लागले होते. सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेलं कलाभवन 1949 नंतर विद्यापीठात गेलं होतं. काकांच्या फीसाठी अन्योन्यकडून कर्ज घेतलं, दोन शेजारी जामीन राहिले. त्याच जूनमध्ये माई एस.एस.सी. झाली. चांगल्या गुणांनी. घरात धाकटी आत्या आणि माझे वडील हे आणखी दोघे शाळेत. आणि त्या महिन्याच्या पानावर ती ओळ : "माईची पुस्तके विकली, जमा 3-8-0." पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात "माईचे लग्न" या मथळ्याखाली सहा पानं आहेत.

माई आत्या आता नव्वदीकडे झुकली आहे, आकोट्याला मुलाकडे असते. मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. तिने ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साडेतीन रुपये बरे मिळाले की," ती म्हणाली.

"तुला शिकायचं नव्हतं का?"

"होतं."

"मग कुणी ठरवलं?"

"अरे, ठरवलं कुणी नाही. ठरलं."

आठ महिने वाचून जे मला सापडलं नव्हतं ते तिने एका शब्दात सांगितलं. आपल्या घरांत बरेचसे निर्णय "ठरतात". लग्न ठरतं, शिक्षण थांबायचं ठरतं, घर विकायचं ठरतं. ठरवणारा माणूस वाक्यात नसतोच. आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, परिस्थितीच तशी होती. आजी म्हणाली असती, यांनी ठरवलं. काका आजही म्हणतात, मला कुणी विचारलं नाही. प्रत्येकाचं खरं आहे. दोघांची फी एकदम झेपत नव्हती, हेही वहीवरून स्पष्ट दिसतं. पण एकाची झेपत होती. ती कुणाची, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, म्हणून त्याचं उत्तर रीतीने दिलं. रीत म्हणजे मुलगा.

मी आजोबांना दोष द्यायला बसलो नाही. तीस वर्षं ते घर कर्जात बुडू न देता त्यांनी चालवलं. पण हिशेब एवढा चोख असलेल्या घरातही सर्वांत मोठा निर्णय हिशेबाबाहेर झाला, हे नोंदवायला हवं.

विश्वामित्रीपलीकडचा अभ्यास

गंमत अशी की त्याच काळात, आमच्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर, हाच विषय विद्यापीठात शिकवायला सुरुवात झाली होती. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या, आणि सहशिक्षण असलेल्या भारतीय विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात "सर्व पुरुष" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या जागी "सर्व माणसे" असं घालायला लावणाऱ्या त्या याच. त्यांच्या कारकिर्दीत 1950 मध्ये बडोद्यात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. आहार, वस्त्रे, बालविकास यांच्याबरोबर "गृहव्यवस्थापन" हा तिथला एक विषय होता. आज त्या विभागाच्या नावातच कुटुंबाच्या आणि समाजाच्या साधनांचं व्यवस्थापन आहे.

या विषयाचा उगम अमेरिकेतला. 1899 पासून लेक प्लॅसिड इथे भरलेल्या परिषदांतून घरकामाचा शास्त्र म्हणून अभ्यास करण्याची चळवळ सुरू झाली. पुढे निकेल आणि डॉर्सी या दोघींचं "मॅनेजमेंट इन फॅमिली लिव्हिंग" हे 1942 चं पुस्तक भारतातल्या गृहविज्ञान महाविद्यालयांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं. घरापाशी पैशाखेरीज वेळ, शक्ती, कौशल्य, माणसं हीही साधनं असतात. आधी आपल्याला काय मोलाचं वाटतं ते ओळखावं, मग उद्दिष्ट धरावं, मग साधनं वाटावीत, असा त्या शास्त्राचा गाभा. आपल्याकडे काही लोक या शाखेला "लग्नाळू मुलींचं कॉलेज" म्हणून हसत. आमच्या पोळीतही हसत.

धाकटी आत्या 1958 मध्ये एस.एस.सी. झाली. परिस्थिती 1952 सारखीच होती. काका नोकरीला लागले होते, पण बाहेरगावी. अन्योन्यचे शेवटचे हप्ते चालू होते. शिवाय घराचं कौलारू छप्पर मोडकळीला आलं होतं. आजोबांनी त्या उन्हाळ्यात वासे आणि कौलं बदलायचं काढलं. एप्रिलच्या पानावर सुताराने दिलेला अंदाज लिहिलेला आहे. छप्पर करायचं तर फी नाही. फी भरायची तर छप्पर नाही.

या वेळी "ठरलं" नाही. वडील तेव्हा बारा वर्षांचे, त्यांना ती रात्र आठवते. आजीने जेवणं झाल्यावर वही आणून आजोबांच्या समोर ठेवली. म्हणाली, "हे तुमचं छप्पर, ही तिची फी. दोन्हीचे आकडे लिहिलेत. काय करायचं ते बोला. पण बोला." आजोबा म्हणाले, पावसात काय पोरं भिजवायची? आजी म्हणाली, "छप्पर दोन वर्षांनी होईल. हिचं वय दोन वर्षांनी परत येणार नाही." बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आजीनेच सांगितलं, की पाटल्या माझ्या माहेरच्या आहेत, त्या मी मोडते.

मे 1958 : "पाटल्या मोडल्या, 4 तोळे." ही जमा "श्री"च्या पानावर आहे, पगाराच्या नाही. जून : "प्रवेश फी." "सायकल, जुनी." मांडवी, न्यायमंदिर, रावपुरा, कोठी, काळा घोडा, आणि विश्वामित्रीचा पूल ओलांडून विद्यापीठ, असा आत्याचा रोजचा रस्ता. जुलै : "गोणपाट 6, छपराखाली." ऑगस्ट : "पातेली 2 (गळतीस)." पुढच्याही पावसाळ्यात गोणपाट आहे. छप्पर 1960 च्या मे महिन्यात झालं. पाटल्या मात्र परत झाल्या नाहीत. जानेवारी 1963 मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायलाच बंदी झाली, तेव्हा आजी म्हणाली म्हणे, "चला, आता सगळ्यांचेच हात मोकळे."

त्याच 1958 च्या जुलैत आणखी एक नोंद आहे. "माईकडून जमा 25 रुपये. परत करायचे नाहीत." एकोणीस वह्यांत कारण नसताना लिहिलेलं हे एकच वाक्य. माई आत्याला मी त्याबद्दलही विचारलं. ती म्हणाली, सासरी शिकवण्या करून साठवले होते, धाकटीच्या पुस्तकांना दिले. "तिची पुस्तकं विकायला नकोत," एवढं बोलून तिने विषय बदलला.

धाकट्या आत्याची वही ट्रंकेत का होती, तेही आता कळतं. गृहव्यवस्थापनाच्या अभ्यासात तिला एका गृहिणीच्या दिवसाची नोंद करायची होती. तिने आजीची केली. पहाटे साडेचारपासून रात्री सव्वादहापर्यंत, पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. पाणी, चूल, पूजा, स्वयंपाक, धुणं, निवडणं-टिपणं, शिवण, पुन्हा स्वयंपाक. "विश्रांती" या सदरात दुपारची चाळीस मिनिटं, आणि समासात आजीचा शेरा आत्याने जसाच्या तसा लिहिला आहे : "ही विश्रांती नव्हे, तांदूळ निवडत होते." मग आत्याने ते चौकोन खोडून बदलले आहेत.

पुढच्या पानावर निर्णयाच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. प्रश्न ओळखणे. पर्याय मांडणे. प्रत्येक पर्यायाचा परिणाम पाहणे. निवड करणे. निवडीची जबाबदारी घेणे. शेवटच्या पायरीखाली आत्याने पेन्सिलीने रेघ मारून लिहिलं आहे : "बाईने मेमध्ये हेच केले." आजीला तिची मुलं बाई म्हणत. चार यत्ता शिकलेल्या आजीने पुस्तक न वाचता केलेलं काम मुलीला पुस्तकात ओळखू आलं, आणि ते ओळखण्याइतकं शिक्षण तिला त्याच कामामुळे मिळालं होतं. धाकटी आत्या 1963 मध्ये शिक्षिका झाली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. तिचा पहिला पगार आजीच्या वहीत जमा आहे. "श्री"च्या पानावर.

वह्या सांगतात ते आणि सांगत नाहीत ते

या तीन पिढ्यांच्या वह्या एकापुढे एक ठेवल्या तर बडोद्याच्या संस्थांचा इतिहास घराच्या आतून दिसतो. बाबाशाई गेला आणि वटाव वाचला. अन्योन्य आली आणि पणजीचे गोठ घरी राहिले. सक्तीचं शिक्षण आलं आणि वही बाईच्या हाती गेली. उद्योगालयात शिवण शिकली म्हणून तिचं एक वेगळं पान झालं. त्या वेगळ्या पानामुळे ती एका रात्री "बोला" असं म्हणू शकली. यातली एक कडी निघाली असती तर धाकटी आत्या बहुधा थोरलीसारखीच घरी बसली असती.

पण माई आत्याच्या वेळी यातल्या जवळजवळ सगळ्या कड्या होत्या. वही होती, शिवणाचं पान होतं, पाटल्याही होत्या. 1952 मध्ये आजी का बोलली नाही? मी माई आत्याला शेवटी तेही विचारलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्यावरूनच तर शिकली ती बोलायला."

जाता जाता मंडळाच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी अशा वह्या असतील, तर रद्दीत घालण्याआधी निदान तीन गोष्टी टिपून घ्या : कोणत्या साली हस्ताक्षर बदललं, कोणाची जमा वेगळी लिहिली आहे, आणि कोणाची फी कोणत्या महिन्यात थांबली. मोडी असेल तर मंडळात वाचून देणारे आहेत. पानांचे फोटो काढायला तासभर पुरतो. आणि घरात वही लिहिणारं किंवा वहीत जिचं नाव आलं आहे असं कोणी हयात असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. वही थांबेल. माणसं थांबत नाहीत.